भाचीचे केस आणि बोअरचं पाणी: लातुरात केलेल्या पहिल्या बालायाजच्या नोंदी

मी लातूरला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. नऊ वर्षं झाली. थ्रेडिंग, फेशियल, नवरीचा मेकअप, ग्लोबल कलर (सगळ्या केसांना एकच रंग) हे रोजचं काम. हायलाइट्सही करत आले, पण ते टोपीच्या भोकांतून सुईनं बटा ओढून नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळून. मुळाशी केस काळा ठेवायचा आणि मोकळ्या हातानं, नुसत्या ब्रशनं खाली खाली उजळ करत न्यायचा, हे बालायाज कधी केलं नव्हतं. शब्द फ्रेंच आहे, अर्थ झाडणं. केरसुणी फिरवावी तसा ब्रश फिरवायचा म्हणून हे नाव. मनात म्हटलं, केरसुणी तर जन्मभर फिरवतोय.

भाची पुण्याला नोकरीला आहे. मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न, ही करवली. पुण्यातल्या एका सलूनमध्ये तिला साडेअकरा हजार सांगितले. मला फोन करून म्हणाली, "मावशी, तूच कर की." मी हो म्हणून बसले. क्लास लावला नाही, व्हिडिओ बघून शिकले, त्यामुळे चुका मापात राहिल्या नाहीत. आपल्याकडच्या ज्या पोरी हे करायला निघाल्या असतील त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी इथं उतरवल्या आहेत.

८ फेब्रुवारी

गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून सरावाची डमी आणली, १,४५० रुपये. "ओरिजनल केस हायत ताई," दुकानदार म्हणाला. घरी येऊन एका बटेला केस उजळवायची ब्लीच पावडर लावली. चाळीस मिनिटं झाली तरी केस ढिम्म. नवी पावडर कालवून पुन्हा लावली, पुन्हा ढिम्म. मी पावडरीला शिव्या देत बसले. दिवेलागणीला आईनं डमीचे दोन केस उपटून निरांजनावर धरले. राख व्हायच्या ऐवजी त्यांची टणक गोळी झाली, वास जळक्या प्लास्टिकचा. निव्वळ नायलॉन. खरा केस जळला की कसला वास सुटतो ते कुणाला सांगायला नको. दुकानातच एक केस मागून काडी लावून बघायला हवी होती. आता परत घेत नाहीत.

१० ते १६ फेब्रुवारी

डमी टाकून देणं जिवावर आलं. मग मुलतानी माती घट्ट दह्यासारखी कालवली आणि तीच ब्रशनं नायलॉनवर लावत बसले. हात बसवायला ही युक्ती चांगली निघाली. माती स्वस्त, धुतली की डमी पुन्हा नवी, आणि काळ्या केसांवर फिक्या मातीचा फटकारा कुठं जाड पडला, कुठं तुटला ते लगेच दिसतं.

पहिले तीन दिवस सगळा झेब्रा. ब्रश उभा धरून मी पेनसारख्या रेघा ओढत होते. ब्रश जवळजवळ बटेवर निजवावा लागतो. वरच्या बाजूला हात इतका हलका, की केस नुसते माखल्यासारखे व्हावेत. खाली येईल तसा दाब वाढवायचा आणि टोकाची चार बोटं आरपार भरायची. बटेच्या दोन कडांना माती वरपर्यंत न्यायची, मधे खाली ठेवायची, म्हणजे इंग्रजी व्हीसारखा आकार होतो आणि आडवी रेघ दिसत नाही. डाव्या हातानं बट ताणलेली पाहिजे. ढिली राहिली की ब्रश उड्या मारतो.

सातव्या दिवशी मानेजवळच्या बटा बऱ्या जमल्या. कानामागच्या अजून नाही.

१८ फेब्रुवारी

खरे केस आणायचे कुठून? उत्तर घरातच होतं. केसांवर भांडी देणारी बाई येते तिच्यासाठी आई गुंतवळ जमवून ठेवते. न्हाणीत खिळ्याला पिशवी. मी हात घातला तर आई ओरडली, "एका पातेल्याचे केस हायत ते!" शेवटी बाजारातून पातेलं आणून दिलं, ३४० रुपये, आणि पिशवी ताब्यात घेतली.

गुंतवळीतले काळे केस वेचून दोऱ्यानं झुबके बांधले. त्यात मुळं-टोकं उलटसुलट असतात, त्यामुळे ब्रशच्या सरावाला ते कामाचे नाहीत. किती वेळात केस कुठवर उजळतो एवढं बघायला चालतात. ब्रशसाठी वहिनीनं मागच्या वर्षी कापलेली वेणी मिळाली. ती मात्र जपून वापरायची.

पावडर ज्यात कालवतात तो डेव्हलपर. २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड: अर्ध्या तासात तांबूस, पन्नास मिनिटांत गाजरासारखा केशरी. ३० व्हॉल्यूम, म्हणजे ९ टक्के: चाळीस मिनिटांत पिवळट केशरी, पण ओला केस ओढला की रबरासारखा लांबला आणि तुटला. ४० व्हॉल्यूम घेतलंच नाही. आपला केस काळाभोर. तो आधी लाल, मग केशरी, मग पिवळा होत जातो, मधली पायरी गाळता येत नाही. फोटोतल्या गोऱ्या बायांचा केस मुळात पिवळ्याच्या जवळपास असतो, त्यांच्या वीस मिनिटांशी आपली बरोबरी लावू नये. मी २० वरच थांबायचं ठरवलं. वेळ जास्त लागला तर लागू दे.

२४ फेब्रुवारी ते ३ मार्च

या आठवड्यात पाच वेळा फसले. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिडिओत बटेला रंग लावून बट तशीच उघडी सोडतात. वरून पापुद्रा धरतो आणि आत ओलसर राहून काम चालू राहतं. मी तसंच केलं. वहिनीच्या वेणीच्या पाच बटा रंगवल्या, डमीच्या स्टँडला लावल्या आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. वीस मिनिटांनी आले तर पावडर खडूसारखी. बोट लावलं की भुगा. खाली केस फक्त तपकिरी.

दुसऱ्या दिवशी पावडर पातळ कालवली, वाटलं ओल टिकेल. ती ओघळली आणि बटेवर वरपासून खालपर्यंत डाग. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या पावडरीवर पाण्याचा फवारा मारला. पाण्यानं पावडर भिजते पण तिच्यातला जोर परत येत नाही, वर ती पसरून जिथं नको तिथं जाते. चौथ्या दिवशी डेव्हलपर वाढवून बघितला, तो बटा चिवट करण्यापलीकडे काही उपयोगाला आला नाही.

पाचव्या दिवशी माझ्या हाताखालची पोरगी म्हणाली, "ताई, पापड तरी इतक्या लवकर वाळत नाहीत." तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. वर बघितलं तर पंखा पाचावर. फेब्रुवारी संपता संपताच आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत होते. त्यात डोक्यावर पंखा, दार उघडं, बाहेरून ऊन. पावडर ओली असेस्तोवरच काम करते, वाळली की संपलं. दमट हवेच्या गावातलं तंत्र मी पापडाच्या खोलीत करत होते.

काय बदललं: पंखा बंद, दार लोटलेलं, वास बाहेर जावा म्हणून फक्त मागची खिडकी उघडी. पावडरीच्या दीडपट डेव्हलपर, म्हणजे श्रीखंडापेक्षा थोडं सैल. एका वेळी तीस ग्रॅमच पावडर कालवायची, कारण कालवून ठेवलेली अर्ध्या तासात मंदावते. आणि रंगवलेल्या प्रत्येक बटेवर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म. फिल्म दाबून बसवायची नाही, नुसती अंगावर टाकायची. दाबली की पावडर वर मुळाकडे सरकते. दोन बटांच्या मधे कापसाची पट्टी.

सहाव्या प्रयत्नाला पंचेचाळीस मिनिटांत गाजर रंग आला, तोही वरून खाली विरत गेलेला. वहिनीच्या वेणीची एकच जाड बट शिल्लक राहिली होती.

५ मार्च

भाची दोन दिवसांसाठी आली. पहिला प्रश्न, केसांना आजवर काय काय लावलं? "काहीच नाही मावशी." तिची आई म्हणजे माझी ताई तिथंच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "काहीच कसं नाही? दिवाळीला काळी मेंदी कुणी लावली? आन् ते केस सरळ करून घेतलेलं?"

म्हणजे वरचा थोडा केस कोरा, खाली काळी मेंदी, आणि सगळ्यात खालच्या टोकांवर दोन वर्षांपूर्वीचं स्मूदनिंग. रडूच यायचं बाकी होतं. काळी मेंदी नावाला मेंदी. त्या पाकिटात बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे केसांच्या पक्क्या रंगातलंच रसायन. ते केसाच्या आत जाऊन बसतं आणि उजळताना हट्टानं लालसर राहतं. त्याहून वाईट म्हणजे काही रंगांत आणि भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, कधी वाफ येते, कधी हातात तुकडे येतात.

म्हणून आधी तपासणी. मानेखालून वीसेक केसांची बारीक बट कापली. काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूम डेव्हलपर ३० मिली आणि लॅबच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या अमोनियाचे २० थेंब. त्यात केस बुडवून अर्धा तास ठेवले. खिडकी उघडी ठेवा, वास नाकात शिरतो. वाटी तापली नाही, बुडबुडे नाहीत, केस शाबूत. सुटकेचा श्वास सोडला.

शेजारची वहिनी हे सगळं बघत उभी होती. तिलाही हौस आली. तिचीही बट घेतली. ती आठवडी बाजारातली सुटी मेंदी लावते. पाचव्या मिनिटाला वाटी कोमट, दहाव्याला हातात धरवेना, आणि केस चिमटीत घेतले तर कुस्करले. ती गप घरी गेली. तिच्या डोक्यावर मी पुढची दोन वर्षं पावडर धरणार नाही, ती कितीही म्हणाली तरी.

भाचीच्या दुसऱ्या बटेला खरी पावडर लावून बघितली. वरचा कोरा केस केशरी झाला, मेंदीचा भाग पन्नास मिनिटांनंतरही विटकरी. तिनं दाखवलेला फोटो राखाडी झाक असलेल्या बदामी रंगाचा. तो होणार नाही, असं तिला तिथंच सांगितलं. तिचं तोंड उतरलं. कारमेल किंवा तांबूस मध, एवढंच जमेल.

१२ मार्च

टोनर म्हणजे उजळलेल्या केसाची झाक बदलणारा हलका रंग. त्याच्या सराव बटांवर रंग ठिगळांसारखा बसतोय. एकच ट्यूब, एकच बट, तरी वर राखाडी, मधे केशरी, खाली मातकट. चार दिवस ट्यूबला दोष दिला.

मग बादलीकडे लक्ष गेलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला आतून पांढरा थर धरतो, गीझरची कॉइल दर वर्षी खरवडावी लागते. तेच पाणी केसालाही थर देत असणार. लातूरकरांना पाण्याचं कौतुक सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही घागरी घेऊन रांगेत उभे होतो. तेव्हापासून घराघरात बोअर, आणि बोअर जितकं खोल तितकं आमच्याकडचं पाणी जड.

दोन बटा घेतल्या. एक नेहमीसारखी बोअरच्या पाण्यानं धुतली. दुसरी आधी क्षार काढणाऱ्या शॅम्पूनं (मागे घटकांत ईडीटीए लिहिलेलं बघून घेतला, ८९० रुपये) आणि जारच्या पाण्यानं. दोन्हींना सारखाच टोनर. दुसरीवर रंग एकसारखा बसला, हाताला मऊ. पहिली तीच ठिगळं.

ठरलं: उजळण्याच्या आदल्या दिवशी त्या शॅम्पूनं धुवायचं, आणि कामाच्या दिवशी शेवटचं धुणं जारच्या पाण्यानं. एका डोक्याला चार जार पुरतात, तीस रुपयाला एक. कुणी म्हणेल लिंबू पिळा. मी पिळून बघितलं. केस चरचरीत झाला, थर हलला नाही.

२२ मार्च

हाताखालची पोरगी म्हणाली, माझ्यावर करून बघा ताई, खालच्या थराला. तिचे केस कोरे, नुसतं खोबरेल. आठ बटा केल्या. खालून बघितलं तर छान. वरून बघितलं तर मुळाजवळ दोन ठिकाणी केशरी ठिपके, बिबट्यासारखे. फिल्म दाबली गेली आणि पावडर वर चढली. शिवाय उजव्या बाजूला सरळ आडवी रेघ.

ठिपक्यांवर तिच्या मूळ रंगाची शेड लावून ते झाकले, दहा मिनिटांचं काम. रेघेवर उपाय म्हणजे दुसरा कोरडा ब्रश. पावडर लावून झाली की लगेच त्या कोरड्या ब्रशनं वरची कड वरच्या दिशेला झटकून पुसट करायची. आता प्रत्येक बटेला हे करते.

दुसरी चूक रंगाची. केशरी मारायला मी जांभळा टोनर लावला. व्हिडिओत जांभळाच असतो. पण जांभळा पिवळ्याला मारतो, केशरीला निळा लागतो. आपल्या केसांना बहुतेक निळाच लागणार, कारण आपण पिवळ्यापर्यंत पोचतच नाही. हे कळेस्तोवर जांभळा शॅम्पूही घेऊन झाला होता, ६५० रुपये. कपाटात पडून आहे.

४ एप्रिल

भाची आली. टोनरची चाचणी कानामागे केली आणि ४८ तास सोडली. काळी मेंदी सहन झाली म्हणून टोनर सहन होईलच असं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ईडीटीएच्या शॅम्पूनं केस धुतले. त्यानंतर तेल बंद.

६ एप्रिल, मुख्य दिवस

सकाळी नऊला सुरू. दुपारी उन्हानं खोली भट्टी होते म्हणून लवकर.

केसांची लांबी बावीस इंच. आधी तीन इंच कापले. स्मूदनिंगची टोकं इतकी जीर्ण की त्यांच्यावर पावडर घालायचं धाडस झालं नाही. भाची आरशात बघत नव्हती, मोबाइलमध्ये बघत होती. बरंच झालं.

मागून सुरुवात, मानेपासून वर. एकंदर सव्वीस बटा. मागं जाड आणि विरळ, चेहऱ्याजवळ बारीक आणि दाट. तीन वेळा पावडर कालवली, तीस तीस ग्रॅम, प्रत्येक वेळी बॉन्ड बिल्डर, म्हणजे केस तुटू नये म्हणून घालायचं औषध, मापानं घालून. मेंदीच्या भागाला आधी लावलं आणि वरच्या कोऱ्या भागाला वीस मिनिटांनी, कारण कोरा केस भराभर उजळतो. ही एक गोष्ट मी स्वतःच्या डोक्यानं केली आणि ती लागू पडली.

साडेअकराला मागची बाजू धुवायच्या बेताला आली, पुढची अजून दहा मिनिटं मागत होती. अशा वेळी एकट्या माणसाचं काम नाही. पोरगी मागची फिल्म काढून पाण्यानं बट पुसत होती, मी पुढं बघत होते. कुठल्याही बटेवर पन्नास मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं नाही.

बारा चाळीसला लाईट गेली. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि एक पंखा, पंखा चालवता येत नव्हता. घामानं अंघोळ. खरा घोळ उजेडाचा. ट्यूबखाली सगळे केस पिवळट दिसतात. भाचीला ओल्या डोक्यानं दारात उभं केलं आणि उन्हात बघितलं तर मेंदीचा भाग विटकरीच, वरचा भाग गाजरी. ट्यूबवर विसंबून राहिले असते तर टोनर चुकीचा काढला असता. आता लाईट असली तरी रंग दारातच बघते.

विटकरीच्या मागं लागले नाही. आणखी एक फेरी मारता आली असती, पण ओला केस ओढून बघितला तेव्हा जरा जास्तच लांबला. थांबले. वरच्या गाजरी भागाला निळी झाक असलेला टोनर, १० व्हॉल्यूममध्ये, पंधरा मिनिटं. विटकरी भागाला सोनेरी तपकिरी, म्हणजे तो तांब्याकडे झुकेल आणि मुद्दाम केल्यासारखा वाटेल. मुळाजवळ दोन बोटं तिच्याच काळसर तपकिरी शेडची सावली ओढून घेतली. शेवटचं धुणं जारच्या पाण्यानं.

साडेचारला संपलं. साडेसात तास. मला वाटलं होतं चार.

केस वाळल्यावर भाची गच्चीवर गेली आणि बराच वेळ आली नाही. मग फोटो पाठवला, खालीच बसलेल्या मला. फोटोतल्या बदामी रंगाशी काही संबंध नव्हता, पण चेहऱ्याजवळच्या बटा खरंच मधासारख्या झाल्या होत्या. आईनं चष्मा वर करून बघितलं. "उन्हात हिंडून हिंडून झाल्यागत दिसायलेत," म्हणाली. तिला टोमणा मारायचा होता. बालायाजचं याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

मागच्या बाजूला डावीकडची एक बट जाड पडली. ती तिला दिसत नाही, मला दिसते.

७ एप्रिल, हिशोब

डमी १,४५०. पावडर ५०० ग्रॅम ७८०. डेव्हलपरच्या दोन बाटल्या ८४०. ब्रश २६०. फिल्म ११०. क्षारांचा शॅम्पू ८९०. जांभळा शॅम्पू ६५०, निळा ७२०. टोनरच्या तीन ट्यूबा ९३०. बॉन्ड बिल्डर १,६००. जार १२०. एकूण ८,३५०, आणि आईचं पातेलं वेगळं. पुढच्या डोक्याला यातलं बरंच सामान पुरेल, तेव्हा एका डोक्याचा माल साधारण नऊशे ते हजारात बसावा. वेळेचा हिशोब लावला तर पहिल्या कामात मी तोट्यातच आहे.

११ एप्रिल

पुण्याहून फोन. "मावशी, केस काथ्यासारखे झालेत." चौकशी केली. पहिले तीन दिवस धुऊ नको म्हटलं होतं, तिनं दुसऱ्याच दिवशी धुतले, कडक गरम पाण्यानं, घरातला होता तो शॅम्पू लावून. गरम पाण्यानं टोनर लवकर उतरतो, उजळलेला केस आधीच सच्छिद्र झालेला असतो.

तिला लिहून पाठवलं: आठवड्यातून दोनदाच धुणं, पाणी कोमट नाहीतर गार, शॅम्पू सल्फेट नसलेला. धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना खोबरेल. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल तपासली होती. केसातलं प्रथिन धुपून जाणं त्यातल्या फक्त खोबरेलानं कमी झालं. आज्जीचं म्हणणं पोरींना असं छापून दाखवावं लागतं. मोहरीचं किंवा रंगीत तेल नको, फिक्या केसावर त्याची पिवळी झाक बसते. दर दोन आठवड्यांनी निळा शॅम्पू, तीन मिनिटं, जास्त नाही. स्कूटरवर ओढणी घट्ट, उन्हानं टोनर उडतो आणि वाऱ्यानं गुंता होतो. ओल्या केसांत कंगवा घालायचा तो मोठ्या दातांचा, खालून वर.

दहा दिवसांनी मेसेज आला, आता बरे आहेत म्हणून.

१४ मे

काल हळद होती. करवलीला हळद लागतेच, ते मी विसरले. विसरले म्हणजे काय, सगळं लक्ष तेल-पाण्यावर आणि हळदीचा विचारच नाही! काकवांनी नवरदेवाची उष्टी हळद हिच्या गालाला लावली, मग कुणीतरी हसत हसत डोक्यावर थापली. संध्याकाळी चेहऱ्याजवळच्या मधाच्या बटा भडक पिवळ्या. उजळलेला केस सुती कापडासारखा हळद पितो. भाची रडायला लागली. लग्न दुसऱ्या दिवशी.

साबण लावायला निघाली होती, तिला अडवलं. साबणानं हळद लाल होते, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात फारसा सुटत नाही. म्हणून आधी खोबरेल चोपडलं, वीस मिनिटं ठेवून कापसानं पुसून घेतलं. कापूस पिवळा जर्द निघाला. तसं तीनदा. मग सौम्य शॅम्पू. निम्मा रंग गेला.

राहिलेला निम्मा आज सकाळी उन्हानं काढला. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो. सात वाजता तिला गच्चीवर बसवलं, ओल्या बटा उन्हाकडे, बाकी डोकं ओढणीखाली. दीड तास. खाली मांडवात बँडवाले येऊन बसले होते आणि नवरदेवाची बहीण गच्चीवर केस वाळवत होती. उरली थोडी पिवळी झाक. तेव्हा कपाटातला जांभळा शॅम्पू आठवला. पिवळ्यावर जांभळा. पाच मिनिटं ठेवला. ६५० रुपये वसूल.

फोटोग्राफरनं विचारलं, केस कुठं केले. भाची म्हणाली, पुण्याला. घरी येऊन कबूल केलं.

३ जून

आता दोन महिने होत आले. मुळं पाऊण इंच वाढली आहेत आणि कळत नाही, कारण मुळं काळीच ठेवली होती. ग्लोबल कलरवाल्या बाया एव्हाना दोनदा येऊन गेल्या असत्या. खालचा विटकरी भाग जास्त तांबूस झालाय, एक टोनर मारावा लागेल, दिवाळीच्या आधी.

लग्नातल्या चार जणींनी विचारलं. दोघींना काळ्या मेंदीमुळे नाही म्हटलं. तिसरीची वाटी तापली. चौथीचे केस कोरे, ती पाऊस पडल्यावर येणार आहे. मीच तिला थांबवलं. हवेत जरा ओल आली की पावडर आपोआप टिकते आणि पंख्यासाठी भांडण होत नाही. भाव साडेतीन हजार सांगितला, जारचं पाणी धरून.

डावीकडच्या जाड बटेसाठी नायलॉनच्या डमीवर पुन्हा मुलतानी माती सुरू केली आहे.